मुरुडच्या फ्लेक्सवरची पृथ्वी

आप्पा लातूरजवळच्या मुरुडच्या आडत बाजारात पोती उचलायचे आणि आई दाळमिलमध्ये रोजानं जायची. मी बारावीत असताना आप्पांची पाठ गेली. ते घरी बसले ते बसलेच. माझी बी.एस्सी. आणि एम.एस्सी. आईच्या एकटीच्या रोजावर झाली. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेज कुणी आतून पाहिलेलं नव्हतं. हे मी अभिमानानं सांगते, दया यावी म्हणून नाही.

पुढं नांदेडच्या एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात मला प्रोजेक्ट फेलो म्हणून करारावर घेतलं. काम अंतराळ दुर्बिणीच्या डेटाचं. लोकांना वाटतं आम्ही रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसतो. आम्ही भर दुपारी, बंद पडलेल्या एसीखाली बसून आलेख बघतो. दुर्बीण वर फिरत ताऱ्यांचा उजेड मोजते आणि तो डेटा जगात कुणालाही फुकट मिळतो. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की उजेड जरासा घटतो. त्याला आम्ही डिप म्हणतो. डिपच्या खोलीवरून ग्रहाचा आकार काढतात, पण तो ताऱ्याच्या प्रमाणात. तारा चुकला की ग्रह चुकला.

आमच्या विभागप्रमुख सरांना एका ताऱ्यात असा डिप सापडला. हिशोबानं ग्रह पृथ्वीएवढा येत होता. त्याचा शोधनिबंध, म्हणजे पेपर, लिहून व्हायच्या आधीच सरांनी एका कार्यक्रमात सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी बातमी आली, त्यात माझंही नाव. आठवड्याभरात मुरुडच्या चौकात फ्लेक्स लागला: ‘मुरुडच्या लेकीनं शोधली दुसरी पृथ्वी.’ माझा फोटो बारावीचा. शुभेच्छुकांचे फोटो माझ्याहून मोठे.

आप्पांचा फोन आला. “मठात सत्कार ठिवलाय. मी व्हय म्हणून बसलो.”

“आप्पा, अजून पेपर लिहायचाय.”

“मंग लिव्ह की! लिवता येतंय म्हणूनच शिकवली ना तुला?”

लिहायला मीच बसले. सरांनी डिप फोल्ड केले होते. म्हणजे घडी घातल्यासारखे सगळे डिप एकावर एक ठेवून सरासरी काढली होती. त्यानं मोजणीतला गोंगाट, म्हणजे उगाचचे चढउतार, कमी होतो. आमच्या धंद्यात सगळेच असं करतात. आलेख काढायला म्हणून मी ती घडी उलगडली आणि डिप वेगवेगळे बघितले. एक खोल, पुढचा उथळ, परत खोल, परत उथळ. ग्रह दर फेरीला तेवढाच उजेड झाकतो. एकाआड एक फरक पडतो तो दोन तारे एकमेकांना आळीपाळीनं झाकतात तेव्हा. घडी घातली की हा फरकच मरतो.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

“सर, हा ग्रह नाही. दोन तारे एकमेकांना झाकून राहिलेत.”

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. “दोन तारे असते तर डिप केवढा पडला असता! हा एवढासा कसा?”

प्रश्न बरोबर होता. मी सांगितलं. या दुर्बिणीचा एक पिक्सेल आकाशाचा बराच मोठा तुकडा व्यापतो. लग्नाच्या मांडवात हॅलोजन लावलाय आणि त्याला खेटून दोन झिरोचे बल्ब आहेत असं समजा. लांबून सगळा मिळून एकच उजेड दिसतो. कुणी एका झिरोच्या बल्बवर हात धरला, तर आपल्याला वाटणार हॅलोजनसमोरून पाकोळी गेली. आमची पृथ्वी म्हणजे ती पाकोळी. ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या दुसऱ्या अंतराळ दुर्बिणीच्या यादीत, आमच्या ताऱ्याशेजारी एक मंद लाल ठिपका स्पष्ट होता; तेच ते दोन झिरोचे बल्ब. आणि डिप पडला की उजेडाचा मध्यबिंदू दर वेळी त्या ठिपक्यापासून दूर सरकत होता.

सरांनी स्क्रीनवरचे आकडे स्वतः परत ताडून बघितले. त्यांना कळलं होतं. मग म्हणाले, “मॅडम, तुमचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय ना?”

“हो.”

“मग हे आत्ताच कशाला काढून राहिलात? पेपर जाऊ द्या. रिव्ह्यूअर बघतील काय ते.”

“मग माझं नाव काढा, सर.”

“तुमच्यासारख्यांना संधी दिली, हेच चुकलं.”

“माझ्यासारख्यांना म्हणजे?”

सरांनी कप उचलला आणि मोबाईल बघायला घेतला.

संध्याकाळी आप्पांना फोन केला. म्हटलं, सत्कार रद्द करा.

“लोकास्नी सांगू काय?”

“तो ग्रह नाही म्हणून सांगा.”

“मंग हाय काय त्ये?”

“दोन तारे आहेत, आप्पा.”

“दोन? मंग तर बरंच हाय की!”

“लोकांना पृथ्वी पाहिजे, आप्पा.”

आई नंतर म्हणाली, चौकात कुणीतरी विचारलं, “काय आप्पा, पृथ्वी कुठं हारपली?” त्या दिवसापासून ते दाढीला सुद्धा चौकात जाईनात. न्हाव्याला घरी बोलवायचे.

पेपर माझ्या नावाशिवाय गेला. पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरनं पहिल्याच मुद्द्यात एकाआड एक डिप वेगळे करून बघायला सांगितलं. पेपर परत आला. सरांनी स्टाफरूममध्ये सांगितलं, “डेटाच खराब होता.” डेटा स्वच्छ होता. मार्चमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं. ते वाढवायचं पत्र आलं नाही. पुढच्या महिन्यात माझ्या खुर्चीवर दुसरा फेलो बसला. मी ज्या केंद्राला जगासमोर तोंडघशी पडण्यापासून वाचवायला गेले, त्यांनी निरोपाचा चहाही पाजला नाही.

आता मी लातूरला एका क्लासमध्ये नीटच्या पोरांना फिजिक्स शिकवते. तिथं रुजू झाल्यावर, लेक्चर नसेल त्या वेळात, मी ते दोन तारे पुन्हा काढले. डेटा फुकट होता, त्याला कुणाची सही लागत नव्हती. शेजारच्या झगझगीत ताऱ्याचा उजेड वजा केला. जमिनीवरच्या एका मोठ्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या बाईंना मेल केला. ओळख ना पाळख, तरी त्यांनी या दोन ताऱ्यांचे वेग मोजून पाठवले. एकमेकांना झाकणारे असे तारे कामाचे असतात, कारण त्यांचा आकार आणि वस्तुमान अंदाजावर न जाता सरळ मोजता येतं. मग तसल्याच लाल ताऱ्यांभोवतीचे ग्रह मोजताना तेच आकडे माप म्हणून वापरतात.

याची बातमी आली नाही. क्लासच्या मालकाला सांगितलं, तर म्हणाला, “छान छान. उद्याची टेस्ट सेट झाली का, मॅडम?”

माझ्याकडून शिकायचं असेल तर एवढंच शिका: ग्रह मोजण्याआधी तारा मोजावा, आणि बातमी देण्याआधी दोन्ही.

या दोन ताऱ्यांवरचा माझा पेपर छापून आला. दोन्ही तारे सूर्याच्या निम्म्याहून लहान निघाले. त्यांचा आकार आणि वस्तुमान मी मोजलं, आणि त्या पेपरवर पहिलं नाव माझं आहे.