साडूभाऊंचा शेवटचा रकाना

आमच्या साडूभाऊंइतके प्रश्न मराठवाड्यात दुसऱ्या कोणी विचारले नसतील, आणि इतकी खोटी उत्तरंही दुसऱ्या कोणी ऐकून घेतली नसतील. लातूरला त्यांनी आयुष्यभर डॉक्टरकीच्या पोरांना सार्वजनिक आरोग्य शिकवलं. निवृत्त झाले, आता घरी बसून बायकोला छळतील असं वाटत होतं, तेवढ्यात दिल्लीच्या एका समितीनं त्यांना बोलावलं. देशभरातल्या मुलग्यांच्या आणि पुरुषांच्या तब्येतीचा तीस वर्षं पाठपुरावा करायचा, अशी ती पाहणी. तिची प्रश्नावली तयार करायचं काम यांच्याकडं आलं आणि आम्हा नातेवाइकांचं स्वास्थ्य गेलं.

लग्नात अक्षता पडायच्या आत ते शेजारच्याला विचारत, "शेवटचं रडलात कधी?" न्हाव्याकडं गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईक गाठत, तोंड उघडता येत नसलं की माणूस मानेनं तरी खरं सांगतो, असा त्यांचा सिद्धांत. मुखेडच्या बाजारात एका शेतकऱ्याला त्यांनी तब्येत विचारली. "मला काय धाड भरलीय? बेस हाय," म्हणून तो मोकळा झाला. मग साडूभाऊंनी त्याच्या बैलाची चौकशी केली. बैलाचं पोट कधी फुगलं, औषध कोणतं लागू पडलं, खांदा कधी सुजला, हे त्यानं तासभर सांगितलं. "आणि तुमचा खांदा?" "त्यो तर दोन साल झाले, वरच जात न्हाई." साडूभाऊंनी तिथंच पोत्यावर बसून प्रश्नावली बदलली: आधी जनावर, मग मालक. बैलाचा रकाना कुठं बसवायचा, यातच म्हणे दिल्लीच्या बैठकीचा अर्धा दिवस गेला.

पण त्यांना भेटलेला सगळ्यात खोटारडा माणूस मी. नांदेडहून सहज त्यांच्याकडं गेलो होतो, तर त्यांनी प्रश्नावलीच हातात दिली. 'जिना चढताना थांबावं लागतं का?' यापुढं मी ठसठशीत 'नाही' लिहिलं. कागद खिशात घालत ते म्हणाले, "चला, गच्चीवरचं वाळवण दाखवतो." दुसऱ्या मजल्यावर मी थांबलो आणि खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

"काय बघायलात?"

"कडुलिंब. लई वाढला की तुमचा."

"शेजाऱ्याचा होता. गेल्या वर्षी तोडला."

पुढचा आठवडा मी दवाखान्यात काढला. हृदयाकडं जाणारी एक नळी जवळपास बंद झाली होती. ती उघडली, म्हणून हे लिहितोय. साडूभाऊ भेटायला आले तेव्हा वाटलं, आता झापतील. त्यांनी खिशातून सुधारलेला प्रश्न काढून वाचला: 'जिन्यात थांबता तेव्हा काय बघता?' चार दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली माझी बायको त्यावर हसता हसता रडायला लागली.

घोडं अडलं ते शेवटच्या रकान्यापाशी. तीस वर्षांत माणूस गाव बदलणार, फोन बदलणार. म्हणून नात्यात नसलेल्या एका मित्राचं नाव हवं, ज्याला तुमचा ठावठिकाणा कायम माहीत असेल. निलंग्याला एका भुसार व्यापाऱ्याकडं मी त्यांच्यासोबत होतो. अर्धा बाजार त्याला 'अण्णा, अण्णा' करत होता. बाकीचे प्रश्न त्यानं थट्टेवारी नेले. इथं मात्र पेन थांबलं.

"बायकोचं लिहू का?"

"घरातलं नको."

दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. "राहू द्या, डॉक्टरसाहेब," तो हळूच म्हणाला. "होता एक. आता बोलणं न्हाई."

परतीच्या एसटीत साडूभाऊंनी कंडक्टरलासुद्धा काही विचारलं नाही. पुढं हा रकाना बहुतेकांचा कोराच येऊ लागला, तेव्हा समितीतल्या कोणी तरी तो गाळायचं सुचवलं. साडूभाऊ हटले नाहीत. "कोरा येतोय, हेच तर मोजायचंय."

पाहणी आता सुरू झालीय. साडूभाऊ सत्तरीला टेकलेत. शेवटचा निष्कर्ष वाचायला आपण नसणार हे त्यांना माहीत आहे, पण त्याबद्दल ते बोलत नाहीत. परवा त्यांच्या टेबलावर छापील प्रश्नावलीची एक प्रत दिसली, त्यांनी स्वतःच भरून पाहिलेली. शेवटच्या रकान्यात माझं नाव होतं, पिनकोडासकट नांदेडचा पत्ता होता.

"यात नातेवाईक चालतात का?" मी विचारलं.

"चालत नाहीत," ते चष्मा पुसत म्हणाले. "पत्ता बदलला तर तेवढं कळवा."