ह्येच लेणं

फोनवर यशवंतचं नाव दिसलं म्हणून उचलताच मी विचारलं, "काय रं, आज किती चुकले?" पलीकडे सुमनवहिनी होत्या. "भावजी, हे गेले. सकाळी चा घेतला, पडवीत टेकले नि..." माझा प्रश्न तसाच मधे लोंबकळत राहिला.

"किती चुकले" हा आम्हा दोघा शाळूसोबत्यांचा रोजचा प्रश्न, आणि त्यामागे माझा पराक्रम आहे. कोंडाणे लेण्यांची वाट जिथून फुटते, तिथून बरंच पुढे यशवंतचं घर. मी नवा फोन घेतला होता. नकाशात लेण्यांची खूण जरा सरकलेली दिसली, तेव्हा ती आपणच सुधारावी असं मला वाटलं. सुधारली कुठे बसून, तर यशवंतच्या अंगणात, त्याचाच चहा पीत. फोनने विचारलं, तुम्ही आत्ता याच जागी आहात का? खोटं कशाला बोला... मी हो म्हटलं.

पुढच्याच रविवारी मुंबईच्या गाड्या त्याच्या शेवग्याखाली येऊन लागल्या. यशवंत लावणीतून चिखलाच्या पायांनी आला, तर एक मुलगी वहिनींना विचारत होती, "आंटी, केव्ह्ज किधर हैं?" यशवंतने शांतपणे दाराकडे बोट केलं. "ह्येच लेणं. आत बुद्ध हाय, मिक्सर हाय. चपला भायेर काडा." दोघांनी खरंच काढल्या आणि फळीवरच्या बुद्धमूर्तीचे, मिक्सरसकट, फोटो घेतले.

"दिन्या, खूण काड ती," तो मला दर आठवड्याला बजावायचा. मला काही ती काढता येईना. एव्हाना त्याच्या मुलाने नेरळला फ्लॅट घेतला होता, इमारतीला युरोपातल्या कुठल्याशा शहराचं नाव, आणि आईबापांना तिकडे न्यायचं म्हणून तो हटून बसला होता. यशवंतला जायचं नव्हतं, पण पटेल असं कारण सापडत नव्हतं. ते माझ्या चुकीने पुरवलं. "मी गेलो तर ह्या लोकांना वाट कोन सांगनार?" असं म्हणून त्याने शेवग्याखाली पाण्याचा माठ मांडला.

एकदा थायलंडची मंडळी बस भरून आली. इंग्रजीचा मान अर्थातच माझा. लेणी वर डोंगरात आहेत हे समजावायला मी "केव्ह अप, अप" करत हात उंचावले, तर सगळे आभाळाकडे बघू लागले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईला दारातून मूर्ती दिसली. ती गुडघे टेकून हात जोडून काही पुटपुटू लागली. पाणी मागतेय असं समजून मी माठाकडे धावलो. तांब्या घेऊन परततो, तर यशवंत तिच्या शेजारी बसून तिच्याबरोबर म्हणतोय. "त्रिसरण हाय रं, बुद्धं सरणं," तो नंतर म्हणाला. "चाल येगळी, शब्द आपलेच." त्यानंतर खूण काढायचं नाव त्याने घेतलं नाही.

मग कुणा शहाण्याने नकाशा सुधारला. गाड्या अलीकडेच थांबू लागल्या आणि मुलाने फ्लॅटचा विषय पुन्हा काढला. "तुला चूक करता येते ना? मंग परत कर," यशवंत मला म्हणाला. मी मनापासून प्रयत्न केला, पण फोनचा माझ्यावरचा विश्वास उडालेला. यशवंत गेला मात्र नाही. "माठ हाय ना भायेर," मुलाला म्हणाला. "कोन तरी चुकंल."

यशवंतच्या मागे करायच्या जलदान विधीला येणाऱ्यांना पत्ता पाठवायचं काम मुलाने माझ्याकडे सोपवलं, यावरून तो किती भांबावला होता ते कळावं. मी सवयीने लेण्यांची खूण पाठवली. खूण आता सुधारलीय, हे डोक्यातून साफ गेलं. भंतेजी येऊन बसले, पण खोपोली-पनवेलचे पाहुणे काही दिसेनात. अखेर फोन आला, "काका, आमी लेण्यापाशी पोचलो. घर कुठंय?" पांढऱ्या कपड्यांतले निम्मे नातेवाईक डोंगर चढून गेले होते. मी जाऊन वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू द्या भावजी. लेण्याची मानसं आमच्या घरी आली, आज घरची लेण्यात गेली." पाहुणे घामाघूम होऊन उतरले आणि त्यांनी तो माठ तळापर्यंत रिकामा केला.

परवा गेलो, तर मुलगा वहिनींना न्यायला आला होता. नेरळला लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, आता इथं कोण आहे... असं तो समजावत होता. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या हातात कळशी दिली.

"भावजी, माठ भरा. कोन तरी चुकंल."

मी भरला.