मोरीचं तेल आणि ब्रेकचा पाइप

आमच्या ट्रकच्या ब्रेकचा पाइप अख्ख्या सिंधुदुर्गात मिळत नाही, हे मान्य करायला मला जवळजवळ सगळा उन्हाळा लागला. मी हट्टी आहे. बाबांवर गेलोय.

ट्रक बाबांचा. घरची होडी भावांवर सोपवून त्यांनी तो घेतला आणि आयुष्यभर आंबोलीच्या घाटातून आंब्याच्या पेट्या वर नेल्या. आता ते थकलेत आणि विसरतात. जेवल्याचं विसरतात, मला मधूनच आपला भाऊ समजतात. रोज सकाळी मात्र मांगराच्या छपराखाली उभ्या ट्रककडे बघून न चुकता म्हणतात, "झिला, एकदा माका घाटात घेवन चल रे." त्यांना घाट आठवतोय तोवर तो दाखवावा, एवढंच माझ्या मनात होतं.

जुन्या ड्रम-ब्रेकवर घाट उतरायची माझी छाती नव्हती. म्हणून गेल्या वर्षी कुडाळच्या एका मिस्त्रीकडून पुढच्या चाकांना दुसऱ्या, नव्या गाडीचे डिस्क-ब्रेक बसवून घेतले. पावसाळा सरला आणि एक दिवस ब्रेक दाबला तर पायडल थेट तळाला. वाकून बघतो तो नव्या रबरी पाइपांना फुगे आलेले, रबर बोटाला चिकटतंय. मिस्त्री तोवर मस्कतला जाऊन बसला होता.

त्या पाइपाचं एक टोक जुन्या ट्रकला बसायला हवं, दुसरं नव्या डिस्कला, आणि दोन्हीकडचे आटे वेगळे. कुडाळ, सावंतवाडी, कणकवली, सगळी दुकानं पालथी घातली. कणकवलीच्या दुकानदाराने तर नमुना हातातही घेतला नाही. "हो खंयच मेळाचो नाय. डिस्क काढ आणि परत ड्रम बसय." पाइप कुणाकडेच नव्हता, सल्ला मात्र सगळ्यांकडे होता. घरी परतलो की बाबा विचारायचे, "कधी जावया?" मी "उद्या" म्हणायचो. त्या उद्याची मला लाज वाटायला लागली होती.

शेवटी कोल्हापूर गाठलं. तिथे एकजण मापाने पाइप बनवून देतो असं कळलं होतं. त्याने फुगलेला पाइप उलटसुलट केला आणि नाकाशी नेला.

"समुद्राकडनं आलायसा काय? ह्याला माशाच्या तेलाचा वास मारतोय की."

मीही पाइप हुंगला. मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं तेल. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर होडी ओढून वर घेतात आणि लाकडाला हे तेल चोळतात. बाबांनी होडी सोडली, तेल सोडलं नाही. दर वर्षी ते ट्रकलाही खालून तसंच तेल द्यायचे. खाऱ्या वाऱ्यात आमचा ट्रक टिकला तो त्यामुळेच, असं सगळी वाडी म्हणायची. झाकलेल्या ड्रमचं आणि लोखंडी नळ्यांचं त्याने काही बिघडलं नाही. ही डिस्क उघडी होती आणि हा पाइप रबराचा, तेलाने फुगणारा.

नवे पाइप घेऊन आलो, बसवले, डिस्क घासूनपुसून स्वच्छ केल्या आणि तेलाचा डबा माळ्यावर लपवला. रविवारी निघायचं ठरलं. पण डबा दिसेना म्हणून बाबांनी घर डोक्यावर घेतलं. चुलीमागे, न्हाणीत, विहिरीपाशी शोधत राहिले. "माझो डबो खंय गेलो?" जेवले नाहीत. रविवारी मी ट्रकचं दार उघडून म्हटलं, "चला बाबा, आज घाटात जावया."

ते ओसरीच्या पायरीवरून उठलेच नाहीत. "पावस तोंडार इलो आणि कोरडी गाडी घाटात घालतंस? माका नको." आणि रडायला लागले. बाबांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझा जीव नुसता तुटला.

मी डबा खाली काढला. समजावलं की तेल फक्त हौद्याखाली लावायचं, चाकांपाशी नाही. त्यांनी मान डोलावली, वाकले आणि फडकं बुडवून सरळ नव्या पाइपाकडे गेले. "नव्याक पयला तेल." होडीची नवी फळी अशीच आधी माखतात. मी त्यांचा हात धरला. कुणी परक्याने धरावा तसे ते माझ्याकडे बघत राहिले. तेलाशिवाय बाबा गाडीत बसणार नव्हते, आणि तेल लावलं की ती गाडी मी घाटात घालू शकत नव्हतो. मी हात सोडला.

त्यांनी दोन्ही पाइप प्रेमाने माखले. मग डिस्कवरही फडकं फिरवलं. तेव्हा मला वाटलं, आपण हरलो, आता काही उरलं नाही.

हात पुसून ते क्लीनरच्या जागेवर चढून बसले. मी स्टेअरिंगवर बसलो आणि नुसतं इंजिन चालू केलं. ट्रक थरथरत जागीच उभा राहिला. बाबा काचेतून फणसाच्या झाडाकडे बघत होते. मधेच म्हणाले, "वळण इला, ब्रेक मार." मी मारला.

"बरो लागता हां," ते म्हणाले आणि मागे टेकून बसले. त्यांचा चेहरा इतका निवांत झाला, की निदान एवढं तरी पदरात पडलं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन ओसरीवर आलो. बाबा मांगराकडे बघत बसले होते.

"झिला," ते म्हणाले, "एकदा माका घाटात घेवन चल रे."