सियाचे सात आसरे

रविवारच्या मराठी शाळेत मी अकरा वर्षं शिकवतेय, आणि माझ्या लाल पेनाला मिशिगनमधलं आमचं अख्खं नोव्हाय गाव घाबरतं. ऱ्हस्वदीर्घ चुकलं की मी पोरांना सोडत नाही. शब्दांच्या याद्या पाठ करून न घेणाऱ्या आयांना तर त्याहून नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे मी एक ढळढळीत चूक तशीच सोडून दिली. शैलजाकाकूंसाठी.

काकू म्हणजे माझ्या वर्गातल्या सियाची आजी. काका गेल्यावर त्या मुलाकडे, परीक्षितकडे, इथे आल्या. वय आता बहात्तर. बाई खमकी. पासष्टाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकल्या. फ्रीवे सोडून सगळीकडे गाडी नेतात. ड्राइव्हवेवरचा बर्फ स्वतः ओढतात. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला मराठीत दटावतात आणि मेला ऐकतोही! घाबरतात फक्त एका गोष्टीला. खोल, काळ्या पाण्याला.

आता मिशिगनमध्ये राहून तळ्याला घाबरायचं म्हणजे सासरी राहून सासूला चुकवायचं. जिथे जावं तिथे तळं. मंडळाची पिकनिकसुद्धा तळ्याकाठीच. काकू तिथे पाण्याकडे पाठ करून भेळ कालवत बसायच्या. मी चिडवायची, "काकू, पाणी काही तुमच्या मागे धावत येत नाही हो." त्या हसायच्या आणि खुर्ची आणखी दोन हात मागे घ्यायच्या.

एकदा कांदा चिरता चिरता त्यांनीच सांगितलं. माहेर नेवाशाकडचं, प्रवरेच्या काठी. नऊ वर्षांच्या असताना डोहाच्या कडेला कळशी घासत होत्या. पितळेची, आईला तिच्या आईने दिलेली. ती हातातून निसटली.

"बुडाली तर बुडाली गं," काकू म्हणाल्या, "पण खाली जाताना कितीतरी वेळ चमकत होती. मग नुसती पिवळट दिसली. मग नाहीच. मी वाट बघत राहिले, तळाला टेकल्याचा आवाज येईल म्हणून. आला नाही."

आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आता ती साती आसरांची झाली." साती आसरा म्हणजे डोहातल्या सात बायका. काठावरच्या माणसाला हाक मारतात, ओढून नेतात, असं तिकडे म्हणतात.

"खोलीचं काही नाही गं मला," काकू म्हणाल्या. "तळ दिसत नाही ना, त्याचं आहे. गेलेली वस्तू कुठे गेली तेच कळत नाही."

 मला पोहता येतं, पण तळ्यात पायाला शेवाळ लागलं की मीही पाय झटकन वर ओढून घेते. खाली काय आहे ते दिसत नाही म्हटलं की मन नको नको ते तिथे नेऊन ठेवतं. त्या दिवसापासून मी काकूंना चिडवणं बंद केलं.

या जूनमध्ये सियाने विचारलं, "आजी, तू पाण्याजवळ का येत नाहीस?" आणि काकूंच्या तोंडून निघून गेलं, "बाळा, खोल पाण्यात साती आसरा असतात."  सिया म्हणाली, "सगळ्या खोल पाण्यात?" काकू हो म्हणून बसल्या.

झालं! इशिताच्या, म्हणजे सुनेच्या, तळपायाची आग मस्तकात गेली. सिया जुलैत समर कॅम्पला जाणार होती. तिथे तळ्यात टेस्ट असते. मध्ये बांधलेल्या तराफ्यापर्यंत पोहत जायचं, परत यायचं. पास झालं तर हिरवा पट्टा. नाहीतर पूर्ण उन्हाळा गुडघाभर पाण्यात, चिल्ल्यापिल्ल्यांबरोबर. पोरीने वर्षभर पूलमध्ये मेहनत घेतली होती.

"आई, ती घाबरली ना, तर मी तुम्हाला माफ करणार नाही," इशिता म्हणाली.

काकूंनी मला फोन केला. आवाज पार बसलेला. "कांचन, माझी भीती मी पोरीच्या गळ्यात बांधली गं. माझ्याबरोबरच गेली असती, ती मी तिला दिली. तू तिची बाई आहेस ना? सांग तिला, खोटं असतं ते."

"मी काय सांगणार? निस्तरा आता तुम्हीच," मी फटकारलं. जीभच तशी माझी. फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला.

त्यांनी सांगून पाहिलं म्हणे. सिया म्हणाली, "इट्स ओके, आजी." ते ऐकून काकू आणखीच खचल्या. पोर भीती लपवते आहे, असंच त्यांना वाटलं.

टेस्टच्या शनिवारी सकाळी पुन्हा फोन. "इशिता तिला घेऊन पुढे गेली. परीक्षित टूरवर. मला फ्रीवे जमत नाही. नेतेस?"

"काकू, तळं आहे तिथे."

"ठाऊक आहे. ती घाबरून मागे वळली तर मी दिसायला नको का तिला?"

 तासाभराच्या रस्त्यात त्या पर्सचा बंद पिळत होत्या. तळं चहासारखं काळपट. लाकडी धक्का पार आत गेलेला. आम्हाला बघून इशिता चकित झाली. तिने नुसता काकूंना हात दिला. आणि काकू फळ्यांवरून चालत गेल्या. फटींतून पाणी दिसत होतं. त्यांनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली.

शिट्टी झाली. सियाने उडी मारली. गेली, छान गेली, आणि बरोब्बर मध्यावर थांबली. तिथेच पाय मारत राहिली, मान खाली घालून, पाण्यात बघत.

"देवा," काकू म्हणाल्या, "हाक मारताहेत तिला." मग माझा हात सोडून धक्क्याच्या अगदी टोकाला गेल्या आणि जीव खाऊन ओरडल्या, "सिया! मी इथे आहे गं!"

सियाने वर बघून हात हलवला आणि सरळ पोहत सुटली. तराफ्याला हात लावून परतली. हिरवा पट्टा मिळाला.

इशिताने टॉवेलात गुंडाळत विचारलं, "मध्येच का थांबलीस? केवढं घाबरवलंस!"

"आय वॉज लुकिंग फॉर देम," सिया दात वाजवत म्हणाली. "आजीचे सात आसरे. आजी, दिसले नाहीत, पण इट्स सो डार्क, खालीच असतील. मी मुळीच घाबरले नाही. कांचनमावशींच्या लिस्टमध्ये आहे ना, आसरा म्हणजे शेल्टर. दमलं तरी खाली सेव्हन शेल्टर्स आहेत."

चिमणीने झाडाचा आसरा घेतला. एप्रिलमधलं वाक्य, माझ्याच हाताने फळ्यावर लिहिलेलं.

इशिताने माझ्याकडे पाहिलं. चूक दुरुस्त करायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा.

काकू आधी हसल्या, मग धक्क्यावरच मटकन बसून रडायला लागल्या. सियाने ओल्या अंगानेच मिठी मारली. बऱ्याच वेळाने त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पाय पाण्यात सोडले, घोट्यापर्यंत. अंगावर काटा आला होता, पण काढले नाहीत.

"गार आहे गं," म्हणाल्या. मग पाण्याकडे बघतच, "कांचन, म्हणजे माझी कळशी आसऱ्याला आहे."

"हो काकू," मी म्हटलं.