समुद्रावरचा माणूस आमच्या तलावावर

आमच्या पाटबंधारे ऑफिसात दोन गोष्टी आपोआप साचतात. तलावात गाळ आणि टेबलाभोवती किस्से. गाळ काढायला निदान शासनाची योजना आहे. किस्से उपसायला मात्र मी एकटीच! अहमदपुरात नोकरीला लागले तेव्हापासून याच खिडकीशेजारी बसलेय. कोणी पाहुणा चहाला थांबला की मी सुरू होते, आणि निम्म्याहून जास्त किस्से एकाच माणसाचे निघतात. तारकर साहेबांचे.

तारकर साहेब म्हणजे आमचे शाखा अभियंता. गाव तिकडं वेंगुर्ल्याच्या बाजूला, खाडी समुद्राला मिळते तिथं. घराच्या पायरीवर बसलं की भरती-ओहोटी दिसते म्हणे! घरात आई एकटी. तिला इकडं आणायचा विषय काढला की ती एकच विचारते, "मी येतंय, पण देवाकडे दिवो कोण लावतलो?" त्यामुळे साहेबांचं मागणं एकच, बदली घराजवळ व्हावी. नोकरीत आले तेव्हापासून मागतायत. आणि तोपर्यंत? तोपर्यंत आमचा तलाव!

*

आले त्याच आठवड्यातली गोष्ट. साहेब आमच्या गोविंदमामांबरोबर तलाव बघायला गेले. गोविंदमामा म्हणजे कालव्याचे चौकीदार. या तलावाचा दगड न् दगड त्यांच्या ओळखीचा. साहेबांनी पाण्यात पाय सोडायचं ठरवलं. बूट काढले, बॅग काढली, आणि सगळं उचलून लांब वर, बांधाच्या माथ्यावर नेऊन ठेवलं. मग अनवाणी खाली आले. ऊन असं की दगडावर भाकरी भाजावी!

मामा म्हणाले, "साहेब, बूट येवढे वर का नेऊन ठिवलाव?"

साहेब सहज म्हणाले, "पाणी चढलं तर?"

मामांनी पाण्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "साहेब, हे पाणी चढतंय त्या दिवशी आमी गावात पेढे वाटताव!"

*

साहेबांनी भाड्याचं घर घेतलं ते अंगण बघून. किती खोल्या आहेत हेही विचारलं नाही. मालक म्हणजे बाजारातले किराणावाले अप्पा. मोठे भाविक, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. साहेबांनी पहिल्या पावसाळ्यात गावाहून येताना नारळाचं रोप मांडीवर घेऊन एसटीचा प्रवास केला आणि ते अंगणात लावलं. इथवर ठीक होतं. नंतर त्यांनी अप्पांच्याच दुकानातून जाड मीठ आणलं आणि रोपाच्या आळ्यात ओतलं.

अप्पा धावतच आले. आमच्याकडं कुणाच्या दारात मीठ ओतणं म्हणजे त्याच्या घराचं वाटोळं चिंतणं. बिचारे हात जोडून म्हणाले, "साहेब, माझं काई चुकलं असंल तर तोंडावर सांगा. घर पायजे तर सोडून जावा. पण माझ्याच दारात, माझ्याच दुकानचं मीठ?"

साहेबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं, की नारळाला मीठ लागतं, आमच्याकडं सगळे घालतात. अप्पांचा विश्वास बसेना. पण भला माणूस! रोज सकाळी येऊन झाडाला बघून जायचे, मेलं का जगलं. झाड जगलं. आता भिंतीच्या वर गेलंय. नारळ एक लागलेला नाही, पण अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, "हे आमचं कोकण!"

*

मोठे साहेब म्हणजे आमच्या ऑफिसचे प्रमुख. मूळचे उदगीरकडचे. आवाज असा की फोन न लावताही लातूरला ऐकू जावा! तारकर साहेब रजा मागायला गेले की केबिनमधलं बोलणं आम्हाला बाहेर बसून स्पष्ट ऐकू येतं.

"रजा कशाला?"

"गावी जायचंय."

"लग्न आहे?"

"नाही."

"जमिनीचं काम?"

"नाही साहेब."

"मग गावी जाऊन करणार काय?"

"बसणार."

"बसणार म्हणजे?"

"खाडीवर जुना धक्का आहे. आता होड्या लागत नाहीत तिथं. तिथं बसतो."

"मग?"

"मग आई जेवायला हाक मारते."

खुर्ची करकरली. मग मोठे साहेब जरा खालच्या आवाजात म्हणाले, "आणि जेवल्यावर?"

"जेवल्यावर परत धक्क्यावर."

रजा मंजूर झाली!

*

पुढं मोठे साहेबच दिवाळीत कुटुंब घेऊन कोकणात निघाले. तारकरांना म्हणाले, "चांगली ठिकाणं सांगा." वहिनींना आणि मुलांना बोटिंग हवं होतं, पाण्यावरच्या स्कूटर हव्या होत्या. ते सगळं तारकरांनी सांगितलं. पण मोठ्या साहेबांना बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही मात्र आमच्या गावातल्या देवळामागच्या तळीवर जा."

सुट्टी संपवून मोठे साहेब आले ते थेट तारकरांच्या टेबलापाशी. आम्ही सगळे कान टवकारून बसलो.

"तारकर! एवढ्या लांब पाठवलं तुम्ही मला. तिथं काहीच नव्हतं!"

"हो साहेब."

"एक तळी. एक झाड. चहाची टपरीसुद्धा नाही!"

"हो साहेब."

"रेंज नाही!"

"हो साहेब. मग काय केलं तुम्ही?"

मोठे साहेब खुर्ची ओढून बसले. आवाज एकदम उतरला. म्हणाले, "झोपलो. देवळाच्या ओट्यावर टेकलो जरा आणि झोपलो. गोळी न घेता, तारकर!" मग आमच्याकडं वळून ओरडले, "काय बघून राहिलाव? कामं करा!"

त्यानंतर तारकरांच्या रजेला कारण विचारलं गेलं नाही.

*

गोविंदमामांनी एकदा साहेबांना घरी जेवायला बोलावलं. कोकणी माणूस म्हणून खास तलावातला ताजा मासा! मामींनी काळा मसाला घालून असा रस्सा केला की शेजारीपाजारी शिंका. साहेब घाम पुसत पुसत जेवले. ताटात काही ठेवलं नाही.

मामांनी विचारलं, "कसा हाय मासा?"

"छान आहे मामा. लई छान." साहेबांनी हात धुतले, डोळे पुसले आणि म्हणाले, "फक्त बिचाऱ्यानं समुद्र बघितला नाही."

मामा आजही जाळ्यात मासा आला की त्याला आधी म्हणतात, "चल, तुला तारकर साहेबाला भेटिवतो."

*

हसू येतं, पण या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो तो कशामुळं, ते सांगते. बाहेरून बदलून आलेले पुष्कळ अधिकारी मी पाहिलेत. आले की नाक मुरडतात. उन्हाला, रस्त्याला, आमच्या बोलण्याला. तारकरांचा सगळा जीव तिकडं खाडीवर, पण इकडच्या कशालाही त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. ज्याला आपलं घर इतकं आवडतं, त्याला दुसऱ्याच्या घराचीही किंमत कळत असावी.

एकदा रब्बीला कालव्याचं पाणी सोडलं होतं. पाणी वरच्या गावांनीच ओढून घेतलं अशी अफवा उठली आणि अगदी शेवटच्या गावचे शेतकरी काठ्या घेऊन कालव्यावर जमले. मोठे साहेब लातूरला मीटिंगला. तारकर एकटेच गेले, बरोबर गोविंदमामा.

पुढारी शेतकरी गरजला, "साहेब, कालवा कोरडा हाय! आमी काय धूळ पाजावी का हरभऱ्याला?"

तारकर कालव्याच्या काठावर खाली बसले. म्हणाले, "बसा. पाणी निघालंय. आधी आवाज येईल, मग पाणी."

"साहेब, आमी भांडाया आलाव!"

"भांडा की. पण गप्प बसल्याशिवाय आवाज ऐकू येणार नाही."

एक बसला, दुसरा बसला. हळूहळू सगळेच बसले. काठ्या आडव्या झाल्या. मामा सांगतात, त्या माळावर तेवढी शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती. बऱ्याच वेळानं कोरड्या कालव्यातून लांबवर खसखस आली. पाणी वाळका पाला पुढं ढकलत येत होतं. तारकर हलक्या आवाजात म्हणाले, "आमच्या खाडीत भरती अशीच शिरते."

पाणी समोरून गेलं. तरी कोणी उठेना. मग साहेबच उठले आणि म्हणाले, "आता भांडायचं?"

पुढारी पाण्यावरची नजर न काढता म्हणाला, "थांबा हो साहेब. जरा बसू द्या!"

*

दर मे महिन्यात बदल्यांचे आदेश येतात. तारकरांचं नाव नसतं. त्या दिवशी संध्याकाळी एकटेच तलावावर जाऊन बसतात. दुसऱ्या दिवशी गावाहून आलेले फणसाचे पापड तळून आणतात आणि आम्हालाच वाटतात, जणू आमचीच बदली हुकलीय! म्हणतात, "आई फोनवर म्हणाली, पुढच्या वर्षी." आम्हीही म्हणतो, "पुढच्या वर्षी नक्की!"

*

आणि आता यंदाचा.

यंदा आई आली! डोळ्याचं ऑपरेशन लातूरला करायचं ठरलं. दिवा लावायचं काम शेजारणीवर सोपवलं आणि आली. छोटीशी, नऊवारी नेसलेली म्हातारी आणि डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा गॉगल. पहिल्याच भेटीत तिनं मला विचारलं, "गो बाय, माझ्या झिलाक बरां सांभाळतास मां?" झील म्हणजे लेक, एवढं मला कळलं; मी तिच्यापुढं चहा ठेवला.

त्याच आठवड्यात आमचा तलाव भरला. काठोकाठ! कैक वर्षांनी सांडव्यावरून पाणी पडलं. तलाव भरला की आमच्याकडं जलपूजन करतात. पाण्याला साडीचोळी वाहायची, नारळ फोडायचा. सगळं ऑफिस तलावावर, आजूबाजूचे शेतकरी, बायाबापड्या, आणि आईलाही घेऊन आलो. ती थेट पाण्यापाशी गेली, ओंजळ भरली, चव घेतली आणि लेकाला म्हणाली, "अरे, ह्यां तर गोडां पाणी! एवढां गोडां!"

सगळी तयारी झाली, पण गुरुजींचा पत्ता नाही. सगळीकडचे तलाव एकदमच भरलेले, गुरुजी शिरूर अनंतपाळला अडकलेले! मोठे साहेब घड्याळ बघून म्हणाले, "नारळ फोडा आणि चला."

आई म्हणाली, "नारळ फोडतलास आनि देवाशी बोलूचा नाय? मी गाऱ्हाणां घालतंय."

तारकर साहेब गडबडले. आम्हाला सांगू लागले, "गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडं देवाला हाक मारून सगळ्यांच्या वतीनं मागणं मागतात. एका-एका मागण्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. पण आई, गावात हे पुरुषमाणसं घालतात ना?"

"हंय गाव बघूक येता काय? गप ऱ्हव."

गोविंदमामांनी शंका काढली, "माय, तुमचा देव आमच्या हद्दीत येतो का?"

"हाक मारल्यार खंयय येता!"

तिनं गॉगल काढला. नारळ हातात घेतला, डोळे मिटले. एवढीशी म्हातारी, पण आवाज असा निघाला की मोठे साहेबसुद्धा ताठ उभे राहिले.

"बा रवळनाथा म्हाराजाऽऽ! आज ह्या लेकरांनी तुझी आठवण काढलेली आसा, ती मान्य करून घे रे म्हाराजा!"

आमची जीभ ती कोकणी थोडीच! सगळ्या बांधावरून उत्तर गेलं, "हाव म्हाराजा!"

"ह्या तळ्यातला पाणी कधी आटाक देव नको रे म्हाराजा!"

"हाव म्हाराजा!" शेतकरी तर बेंबीच्या देठापासून ओरडले.

"हेंची शेतां पिकूंदेत, गुरांढोरांक, पोराबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"हाव म्हाराजा!"

"कोणाचा काय चुकला-माकला आसात, तां पोटात घाल रे म्हाराजा!"

"हाव म्हाराजा!" मोठ्या साहेबांचा आवाज सगळ्यांत वर.

आईनं नारळ कपाळाला लावला. "आनि म्हाराजा, माझ्या झिलाची बदली ह्या वर्सा माझ्या घराकडे होऊंदे रे म्हाराजा!"

कोणीच काही बोललं नाही.

सांडव्यावरून पडणाऱ्या पाण्याचा तेवढा आवाज. मी मोठ्या साहेबांकडं बघितलं. ते बुटाकडं बघत होते. शेतकरी एकमेकांकडं. 

आईला वाटलं, ऐकू गेलं नाही. तिनं आणखी मोठ्यानं म्हटलं, "माझ्या झिलाची बदली घराकडे होऊंदे रे म्हाराजाऽऽ!"

गोविंदमामा दोन पावलं पुढं आले, टोपी काढली आणि हात जोडून म्हणाले, "माय, हे सोडून दुसरं काई बी मागा!"

आईनं डोळे उघडले. आम्हा सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. मग शेजारी उभ्या असलेल्या लेकाकडं वळली.

"आनि तुझी जीभ खंय गेली रे?"