धाकटीचा अडकलेला सुळा

माझी धाकटी जाऊ शिवणकाम करते. दोरा तोडायला तिला कात्री कधी लागली नाही. वरच्या बाजूला डावीकडे तिचा एक इवलासा दात होता. त्यात दोरा धरायचा, मान झटकायची, की काम झालं. गिऱ्हाईक बायका म्हणायच्या, "तुझ्या तोंडातच कात्री गं!" भावोजी पुढे जोडायचे, "आहेच की, दिवसभर चालू असते."

एकतिसाव्या वर्षी तो दात हलायला लागला. आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डोक्याभोवती फिरणाऱ्या यंत्राने फोटो काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा दुधाचा दात आहे. खरा सुळा वर टाळूत आडवा अडकलाय."

"तरीच अजून बाळासारखी रुसते," भावोजी म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेनाचं टोक फोटोवर टेकवलं. सुळ्याचं टोक पुढच्या दाताच्या मुळात रुतलं होतं आणि तिथे मूळ कुरतडल्यासारखं दिसत होतं.

"सुळा तिथून ओढून काढला नाही, तर पुढचा दात जाईल. या वयात तो हाडाला चिकटलेला असेल तर हलणारही नाही. ओढल्याशिवाय कळायचं नाही."

त्या दिवसापासून धाकटीची जीभ सारखी पुढच्या दाताकडे. "वहिनी, आत बसून कुणीतरी खातंय, आणि मला दुखतही नाही हो!" न दुखण्याचीच तिला जास्त धास्ती. मी मनात म्हणायचे, देवा, हिचं हसू हिच्याकडे राहू दे.

दातांना तारा बसवून जागा केली. मग लहानसं ऑपरेशन झालं. दुधाचा दात काढला, आतल्या सुळ्यावर एक बटण चिकटवलं आणि त्याची बारीक साखळी हिरडीतून बाहेर काढून तारेला दोऱ्याने बांधली. "बटण निघालं तर पुन्हा ऑपरेशन," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "बोटसुद्धा लावायचं नाही."

आठवडाही झाला नव्हता. मी भाजी निवडत होते, ती मशीनवर बाही जोडत होती. जिभेला दोऱ्याचं सुटं टोक लागलं असणार. सुटं टोक आलं की कापायचं, ही जन्माची सवय. दात गेल्यापासून मशीनजवळ ठेवलेली लहान कात्री हाताने आपसूक उचलली, ओठ वर केला आणि कच्!

मशीन थांबलं.

"वहिनी," तोंड न मिटता ती म्हणाली, "मी काय कापलं?"

साखळी जिभेवर लोंबत होती.

तशाच निघालो. साखळी गिळली जाईल म्हणून ती लाळही गिळेना, रुमाल तोंडाशी धरलेला. वाटेत एक गिऱ्हाईक भेटली. "माझे कपडे झाले का गं?" धाकटीने नुसती मान हलवली. हो की नाही, त्या बाईलाच ठाऊक.

खुर्चीत आडवी झाल्यावर तिने माझा हात असा आवळला की नखं रुतली. डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने साखळी हळूच ओढली. पुन्हा ओढली. मी देवाचं नाव घेत होते, तेही मधेच विसरले.

"दोराच कापलात. बटण धरून आहे," त्या म्हणाल्या. "शिंपीणबाई, कात्री कापडापुरतीच ठेवा!"

धाकटी तिथेच रडली. पण मोठी भीती तशीच होती. सुळा हलणार का? पुढे दर खेपेला डॉक्टरीणबाई साखळी ताणून बांधायच्या आणि म्हणायच्या, "बघू."

मग एका खेपेला त्यांनी बारीक पक्कड तोंडात घातली. कच्!

"काय कापलं?" धाकटी ताडकन उठून बसली.

त्यांनी ट्रेमध्ये साखळीची एक कडी टाकली, मोहरीहून लहान. "सुळा खाली आलाय. तेवढी साखळी जास्त झाली."

"आणि पुढचा दात?"

"खाल्लं गेलं ते भरून येणार नाही. पण खाणारा आता तिथून सरकलाय."

अजून काही कड्या कापायच्या आहेत. दर वेळी ती डोळे गच्च मिटते, मी देवाचं नाव घेते, आणि कच् ऐकू आलं की दोघी एकदम श्वास सोडतो.