काचेची चूल

"शेजारी मढं हाय तवर ह्या घरात चूल पेटायची नाय."

प्रयागबाई हे बोलली तेव्हा तिच्या सुनेच्या, अंकिताच्या, हातात कुकर होता. आणि चूल म्हणावी असं त्या घरात काही नव्हतंच. ओट्यावर एक काळी काच होती. तिच्यावर बोट ठेवलं की आत लाल वर्तुळ उमटायचं. जाळ नाही, धूर नाही, राख नाही. आल्या दिवशी प्रयागबाई त्या लाल वर्तुळाकडे बघत बसली आणि शेवटी म्हणाली, "ह्याला फुंकायचं कुठनं?" राहुल आणि अंकिता पोट धरून हसली होती. आज कुणी हसलं नाही.

राहुल तिचा एकुलता एक. महाडच्या एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात शिफ्टला जायचा, आता त्याच कामावर आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात आला होता. पोलादपूरच्या वरच्या खोऱ्यात, वाडीत, आई एकटी. भागोजी, तिचा नवरा, जाऊन बरीच वर्षं झाली होती. "बस्तान बसेस्तोवर तरी चल, आये," राहुल म्हणाला, आणि ती आली. भाताचं पीठ, कुळीथ, सुकी मिरची घेऊन आली.

शहर तिला आवाजाविना भेटलं. वाडीत दिवसा कुणाचं दार लागलेलं दिसलं तर माणसं हाक मारून विचारतात, काय झालं गो? इथे अख्खा रस्ता दारं लावून बसलेला. माणसं गाडीतून उतरायची आणि भिंतीत शिरावीत तशी घरात नाहीशी व्हायची. रात्रीचं जेवण झालं तरी बाहेर ऊन. झोपायचं कशाच्या जोरावर, तिला कळेना. उजेड उघड्या डोळ्यासारखा खिडकीत उभा राहायचा.

मागच्या परसात मात्र एक माणूस होता. डेनिस. म्हातारा, एकटा, डोक्यावर मळकी टोपी. मधली भिंत कमरेएवढी. पलीकडे तो बटाट्याच्या सरींना माती लावायचा आणि अलीकडून प्रयागबाई बघायची.

"भर घालताय व्हय? घाला. पण वाकून नका घालू, कंबर जाईल."

तो टोपी उचलून त्याच्या भाषेत काहीबाही बोलायचा. ती आपल्या भाषेत उत्तर द्यायची. अंकिता खिडकीतून म्हणायची, "आई, त्यांना कळत नाय तुमचं."

"माती कळतेय ना त्यांना? मग झालं."

एकदा त्याने भिंतीवरून कांद्याची पात दिली. तिने तांदळाची भाकरी दिली, वर मिरचीचा ठेचा. त्याने खाल्ली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तोंड लाल झालं, तरी शेवटचा तुकडा त्याने सोडला नाही. घरात वळताना ती सवयीने म्हणायची, "येते हां." न्हाणीघरात जातानासुद्धा म्हणायची, अंकिता त्यावरून चिडवायची. पण डेनिसने तो शब्द उचलला. कुदळ भिंतीला टेकवून, टोपी उचलून म्हणायचा, "येटे." आणि आत जायचा. नव्या देशात तिचा एक शब्द कुणीतरी सांभाळला होता.

दोन दिवस तो परसात दिसला नाही. कुदळ भिंतीला तशीच. आज सकाळी राहुल बाहेरून आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "आये, डेनिस गेला. हॉस्पिटलात."

ती खाली बसली. मग आत जाऊन अंकिताला चुलीचं ते सांगितलं.

दुपारी काळी लांब गाडी आली. रस्त्यावरची माणसं थांबली. प्रयागबाई खिडकीशी उभी राहिली, डोक्यावर पदर घेऊन. "आता नेतील," ती म्हणाली. "नेलं का मग आंघोळ करू, मग पेटव."

गाडीतून पेटी उतरली. चौघांनी खांद्यावर घेतली आणि घरात नेली. गाडी रिकामी निघून गेली.

"राहुल्या, मढं आत आणलं रे ह्यांनी!"

"इथं तशीच पद्धत हाय. घरी ठेवतात. लोक बघायला येतात."

"आणि नेतात कधी?"

राहुल खिडकीबाहेर बघत म्हणाला, "परवा."

तिने छातीला हात लावला. मढं घरातून बाहेर जातं, एवढं एक तिला या जगात पक्कं ठाऊक होतं. ते बाहेरून घरात येतं, हे तिने स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

"परवापरेंत उपाशी ऱ्हायाचं?" राहुल वैतागला. "आज आमोद येतोय जेवायला. त्याच्यामुळे नोकरी लागली, घर मिळालं. आणि ही चूल नाय, आये. जाळ कुठाय हिच्यात? काच तापते फक्त."

"शिजतं ना तिच्यावर?"

राहुल खिडकीपासून बाजूला झाला.

"मग मी जाते त्यांच्याकडं."

"नको. आपल्याला कुणी बोलावलेलं नाय."

"मयताला बोलावतात व्हय रे?"

संध्याकाळी शेजारी माणसं येत राहिली. प्रत्येकाच्या हातात झाकलेलं ताट. दार उघडं होतं. या रस्त्यावरचं पहिलं उघडं दार. आतून कपबशांचा आवाज आला, मग कुणीतरी मोठ्याने हसलं, मग सगळेच हसले. मढ्याच्या उशाशी खातायत. मढ्याच्या उशाशी हसतायत. प्रयागबाई मागच्या पायरीवर जाऊन बसली, बटाट्यांकडे तोंड करून.

भागोजी गेला तेव्हा वाडीत एका घरातून धूर निघाला नव्हता. सावित्री नदीच्या काठी सगळं आटपून माणसं परतली, आंघोळी झाल्या, मग कुठे चुली पेटल्या. माणसं येत होती, बसत होती, उठून जात होती. 'येते' कुणी म्हणालं नाही. मयताच्या घरी तो शब्द उच्चारत नाहीत. जायचं ते मुक्याने, निघायचं ते मुक्याने. त्या मुक्या पावलांनीच तिला तेव्हा धरून ठेवलं होतं.

आमोद आला. महाडातल्या मास्तरांचा मुलगा, इथे मुरलेला. हातात केकचा डबा. सगळं ऐकून तो पायरीपर्यंत आला.

"काकू, एवढं मनाला लावून घेऊ नका हो. इथे कुणी कुणाच्यात जात नाही. न सांगता गेलात तर पोलीस यायचे!" तो स्वतःच हसला. "आणि उपास करायला डेनिस काय आपल्या भावकीतला होता?"

तिने तोंड पुन्हा बटाट्यांकडे वळवलं. तो आत गेला. आत कुजबुज झाली. राहुलचा दबका आवाज, "लाव गो तू. तिला कळणार पण नाय, जाळ थोडाच दिसतोय."

आणि मग कुकरची शिटी झाली.

आवाजाविना राहणाऱ्या त्या रस्त्यावर ती किंकाळीसारखी उठली. शेजारचं हसणं तुटलं. उघड्या दारातल्या माणसांनी इकडे माना वळवल्या असतील, असं प्रयागबाईला वाटलं. डेनिस तिथे भिंतीपलीकडे पेटीत पडलाय आणि आपल्या घरातून शिटी.

ती उठली. आत आली. काचेखाली लाल वर्तुळ पेटलेलं होतं. अंकिताने घाईघाईने काचेच्या कडेला बोट टेकवलं, वर्तुळ विझलं. "आई, मी... ह्यांनी सांगितलं म्हणून..."

प्रयागबाईने नळाखाली हात धुतले. पदर डोक्यावर घेतला, नीट, कानांमागे खोचून.

"काकू, कुठे निघालात?" आमोद खुर्चीतून अर्धवट उठला.

"आये, थांब. मी येतो संगती. आये, काय तरी बोल."

राहुल बोलता बोलता थांबला. आई कुठेही निघाली की तो शब्द म्हणते, आणि आज तिचे ओठ मिटलेले होते. वाडीतला मुलगा होता तो. त्याने वाट सोडली.

तिने पुढचं दार उघडलं, मागे लावलं नाही, आणि त्या न मावळणाऱ्या उन्हात, अनवाणी, शेजारच्या उघड्या दाराकडे चालू लागली.